ग्रीन टी प्यायचाच असेल तर नीट प्या: डब्यापासून रिपोर्टपर्यंत

पहिल्यांदा ग्रीन टीचा डबा घरी आणला तेव्हा सासूबाईंनी चष्मा वर करून डबा बघितला, मग किंमत बघितली आणि म्हणाल्या, "अगं, विकत कशाला आणलास, परसात एवढा हिरवा चहा माजलाय की!" त्या गवती चहाबद्दल बोलत होत्या. हसू नका, हा घोळ खूप घरांत आहे, गवती चहाच्या पाती उकळून "मी रोज ग्रीन टी घेते" म्हणणाऱ्या माझ्या ओळखीतच तिघीचौघी आहेत. गवती चहा छानच लागतो, पावसाळ्यात आलं घालून तर विचारूच नका, पण ते गवत आहे, त्यात कॅफीनही नाही आणि ग्रीन टीचे फायदे ज्याच्या नावावर सांगतात ते ईजीसीजी नावाचं कॅटेचिनही (चहाच्या पानातलं कडू-तुरट द्रव्य) नाही.

माझीही सुरुवात काही शहाणपणाची नव्हती. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले होते, "एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जरा वर आहे, गोड चहा कमी करा, चाला." मी घरी येईपर्यंत त्याचं "ग्रीन टी सुरू करा" झालं होतं. मग काय, धो धो उकळतं पाणी, त्यात पिशवी टाकून दहा मिनिटं विसरायचं, वर ती पिशवी चमच्याने दाबून पिळायची, आणि हे सगळं सकाळी अनशापोटी. तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवर अशी मळमळ सुटली की बस सोडून बाजूच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा घ्यावा लागला. डबा पुढे चार महिने मसाल्यांच्या मागे पडून होता. नंतर नीट वाचून, करून बघून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

आधी डब्यात काय आहे ते बघा

काळा चहा, ग्रीन टी, उलाँग, सगळे एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पान तोडल्यावर काय करतात त्यात आहे. पान चुरगळून हवेत ठेवलं की कापलेल्या सफरचंदासारखं काळं पडायला लागतं, तो आपला नेहमीचा चहा. ग्रीन टीचं पान मात्र तोडल्यावर लगेच गरम करतात, जपानात वाफेवर आणि चीनमध्ये बहुतेक कढईत, त्यामुळे ते काळं पाडणारं एन्झाइम तिथेच थांबतं आणि कॅटेचिन पानात टिकून राहतात. हे कॅटेचिन ग्रीन टीतून पहिल्यांदा वेगळं करून दाखवलं ते १९२९ मध्ये मिचियो त्सुजिमुरा या जपानी बाईंनी, पुढे १९३२ मध्ये त्या जपानमधल्या कृषीशास्त्राच्या पहिल्या महिला डॉक्टरेट झाल्या. कडू कप समोर आला की मला आता त्यांची आठवण येते.

दुकानात बघायचं ते एवढंच: घटकांच्या यादीत पहिलं नाव ग्रीन टीची पानं असलं पाहिजे. "ग्रीन टी प्रीमिक्स" लिहिलेल्या पाकिटात कितीतरी वेळा साखर पहिल्या नंबरावर असते, ते सरबत समजा. सुटी पानं मिळाली तर उत्तम. हिमाचलच्या कांगड्यात १८४९ पासून चहा लावतात आणि तिथला ग्रीन टी चांगला असतो, दार्जिलिंग आणि निलगिरीचाही मिळतो, जपानीच पाहिजे असं काही नाही. पिशवीतला घेणार असाल तर कागदी पिशवी बघा, त्या चकचकीत जाळीच्या त्रिकोणी पिशव्या पुष्कळदा नायलॉनच्या असतात आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी तशी एक पिशवी गरम पाण्यात टाकून मोजलं तर सुमारे ११.६ अब्ज मायक्रोप्लास्टिकचे कण सुटले. त्याने शरीराचं नक्की काय होतं हा वेगळा विषय, पण गाळणी असताना प्लास्टिक कशाला उकळायचं.

आणलेला चहा चांगला आहे का हे भिजल्यावर कळतं. गाळणीतलं एक पान बोटाने उलगडून बघा. चांगल्या चहात ते उलगडून खरंच पानासारखं दिसतं, कडेचे दातेसुद्धा दिसतात, रंग हिरवा किंवा पोपटी-पिवळसर. पिशवी फाडली आणि आत नुसती भुकटी निघाली तर तो कडू होणारच, कारण भुकटीतून सगळं एकदम सुटतं.

आपल्याला चालेल का, हे पिण्याआधी

हा भाग लोक सोडून देतात म्हणून वर घेतला.

आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त कमी असणं. एनएफएचएस-५ या २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया होता, म्हणजे हे वाचणाऱ्या दोघींतल्या एकीला तरी असायची शक्यता आहे. चहातली कॅटेचिन आणि टॅनिन पालेभाजी, नाचणी, डाळी यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. साधा चहाही हेच करतो बरं का, त्यामुळे जेवणाच्या ताटाशेजारी कोणताच चहा नको. उपाय सोपा आहे, जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवायचं. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यापासूनही लांब. आणि नाश्त्याला पोहे असतील तर त्यावर लिंबू पिळायची आपली पद्धत इथे कामाची आहे, लिंबातलं सी जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, चहा तेवढा उशिरा घ्या.

दुसरं, गोळ्या. नॅडोलॉल नावाची बीपीची गोळी आहे, जपानात २०१४ मध्ये दहा जणांवर बघितलं तर रोज ७०० मिली ग्रीन टी घेतल्यावर त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झालं होतं, म्हणजे गोळी घेऊन न घेतल्यासारखीच. सगळ्या बीपीच्या गोळ्यांचं असं होत नाही, पण बीपीची कोणतीही गोळी असेल, किंवा रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल, तर डॉक्टरांना एकदा सरळ विचारा, "रोज दोन कप ग्रीन टी चालेल का?" दोन मिनिटांचं काम आहे. लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनीही विचारूनच.

गरोदर बायकांना दिवसाला २०० मिग्रॅपर्यंतच कॅफीन चालतं असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था ईएफएसए सांगते, त्यात घरातला साधा चहा, कॉफी, चॉकलेट सगळं आलं. ग्रीन टीच्या एका कपात साधारण ३० मिग्रॅ असतं, साध्या चहात त्याहून जास्त, फिल्टर कॉफीच्या मगात ९५ च्या आसपास. शिवाय ग्रीन टी फोलेटच्या आड येऊ शकतो, म्हणून त्या काळात विचारल्याशिवाय नकोच.

ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी अजिबात नको. बसस्टॉपवरची गोष्ट वर सांगितलीच.

आता पाणी, इथेच सगळे चुकतात

आपला हात साध्या चहावर बसलेला असतो. आधण ठेवा, साखर टाका, पावडर टाका, खळखळून उकळू द्या, दूध घाला, परत उकळा. ग्रीन टीला यातलं काहीच लागू नाही, हे पान उकळायचंच नसतं, ते गरम पाण्यात भिजवायचं असतं.

पाणी ७५ ते ८० अंश पाहिजे. थर्मामीटर कोणाकडे असतो घरात, म्हणून मी दोन युक्त्या वापरते. एक, पातेल्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे जमून एखाददुसरा वर यायला लागला, वाफ निघतेय पण उकळी फुटली नाहीये, तेव्हा गॅस बंद. दुसरी, पाणी आधीच उकळलं असेल तर ते एका रिकाम्या भांड्यात ओता, तिथून दुसऱ्यात ओता, प्रत्येक वेळी साधारण आठ-दहा अंश उतरतं, दोनदा ओतलं की काम झालं. जपानात यासाठी वेगळं चोच असलेलं भांडं असतं, आपल्याकडे दोन कप पुरतात.

पानं एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, पाणी १५० ते २०० मिली. वर ताटली झाका. घड्याळ लावून दोन मिनिटं, पहिल्यांदाच पिणार असाल तर दीडच. मग लगेच गाळा. पानं कपात राहू द्यायची नाहीत, पिशवी असेल तर काढून टाका आणि पिळू नका, पिळल्यावर जे थेंब पडतात ते सगळ्यात कडू असतात.

आता खरं सांगायचं तर यात एक गोची आहे. कॅटेचिन स्वतःच कडू-तुरट असतात. पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त तितकी ती जास्त उतरतात, म्हणजे माझा तो पहिल्या आठवड्यातला कडू काढा कॅटेचिनच्या हिशोबाने भारीच होता. पण असा चहा तुम्ही किती दिवस प्याल? मी तीन दिवस प्यायले. त्यापेक्षा थोडी कमी कॅटेचिन असलेला, रोज घ्यावासा वाटणारा कप बरा. आणि कपही वाफाळता तोंडाला लावू नका, ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत ठरतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलंय, मग पेय कोणतंही असो. "चटका बसल्याशिवाय चहा प्यायल्यासारखं वाटत नाही" असं म्हणणारे आमच्या घरात दोन जण आहेत, त्यांना हे वाचून दाखवलंय, फरक शून्य.

पाण्यावरूनही चव बदलते. बोअरच्या जड पाण्यात ग्रीन टी मळकट आणि मिळमिळीत होतो, वर साय धरल्यासारखा तवंग येतो. माहेरी गेले की हे हमखास होतं, तिथे मी फिल्टरचंच पाणी घेते.

लिंबू पिळायचं तर जरूर पिळा, आंबटपणाने कॅटेचिन टिकून राहतात असं प्रयोगशाळेत दिसलंय आणि कडूपणाही मारला जातो. पुदिन्याची चार पानं, आल्याची चकती, आणि हो, परसातली गवती चहाची एक पात सुद्धा. सासूबाई आता असाच घेतात आणि "बघ, शेवटी माझाच चहा लागला ना" हे रोज ऐकवतात. दूध मात्र नाही, चवीचं वाटोळं होतं. मधाबद्दल खूप जण विचारतात. एक चमचा मध म्हणजेही साखरच, चार दिवस सवय होईपर्यंत घाला आणि मग सोडा.

उन्हाळ्यात मी तर पाणीच गरम करत नाही. रात्री लिटरभर पाण्यात तीन-चार चमचे पानं घालून फ्रिजमध्ये, सकाळी गाळायचं. कडूपणा जवळजवळ नाही, कॅफीनही कमी उतरतं, आणि घरातली मुलं कोल्ड्रिंक मागायच्या वेळेला बाटली समोर असली की आपणही वाहवत जात नाही.

कधी आणि किती

माझे दोन कप ठरलेत. एक नाश्त्यानंतर तासाभराने, अकराच्या सुमाराला, आणि एक दुपारी चारला, जेव्हा ऑफिसमध्ये चहावाला येतो आणि हात आपोआप पुढे जातो. संध्याकाळी सहानंतर नाही. कॅफीनचं निम्मं प्रमाण उतरायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे "जेवणानंतर ग्रीन टी घेतला की पचतं" म्हणून रात्री दहाला पिणाऱ्यांना मग दोन वाजता छताकडे बघत पडावं लागतं. झोप मोडून कुठला फायदा होणार आहे.

दिवसाला दोन-तीन कप ही माझ्या मते बऱ्यापैकी मर्यादा आहे. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिग्रॅपर्यंत कॅफीन चालतं, त्या हिशोबात पाच कपही बसतात, पण आपण ग्रीन टीवर जगत नाही, सोबत साधा चहा असतोच.

साखरेचा हिशोब, म्हणजे माझ्या मते खरा फायदा

वहीत एकदा मांडून बघा. मी दिवसाला चार कप चहा घ्यायचे, कपाला दोन छोटे चमचे साखर, म्हणजे आठ ग्रॅम. चार कपांची ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा, आणि माझी फक्त चहातूनच ३२, त्यात बिस्किटं, शिरा, सणासुदीचं धरलंच नाही. महिन्याची जवळजवळ किलोभर साखर मी कपातून पीत होते, आणि दुकानातून पाच किलोची पिशवी आली की "एवढी साखर जाते कुठे" म्हणून घरच्यांवर डाफरत होते.

चारातले दोन कप बदलले की दिवसाला १६ ग्रॅम, महिन्याला अर्धा किलोच्या जवळपास साखर आपसूक गेली. डॉक्टर म्हणाले होते ते हेच. म्हणून माझं सांगणं आहे की ग्रीन टी हा जास्तीचा कप म्हणून सुरू करू नका, गोड कपाच्या जागी घ्या. सकाळचा पहिला दुधाचा चहा सोडायची गरज नाही, तो सोडायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळंच सुटेल, मी पैजेवर सांगते. पहिले दोन आठवडे फक्त दुपारचा कप बदला, तो बसला की अकराचा. आणि ग्रीन टीसोबत दोन क्रीमची बिस्किटं खाल्लीत तर हिशोब होता तिथेच परत आला.

मग पानांचा स्वतःचा काही फायदा आहे की नाही?

आहे, पण पाकिटावर लिहिलाय तेवढा नाही.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास जपानमधला आहे. मियागी प्रांतात ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० लोकांना १९९४ पासून अकरा वर्षं बघितलं, निकाल २००६ मध्ये आले. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये, एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, एकूण मृत्यूचं प्रमाण पुरुषांत १२ टक्के आणि बायकांत २३ टक्के कमी दिसलं, ते मुख्यतः हृदयविकार आणि पक्षाघातामुळे होणारे मृत्यू कमी असल्याने. कॅन्सरच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. दोन गोष्टी इथे लक्षात घ्या. एक, तिथला कप १०० मिलीचा असतो, म्हणजे ते पाच कप आपले अडीच-तीन झाले, लिटरच्या लिटर प्यायची गरज नाही. दुसरं, हे निरीक्षण आहे, चहा पिणारी माणसं बाकीही नीट राहत असतील, मासे खात असतील, चालत असतील, सगळं श्रेय कपाला देता येत नाही.

कोलेस्टेरॉलवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्यात. १४ चाचण्यांचा एकत्र हिशोब २०११ मध्ये मांडला गेला, त्यात एलडीएल सरासरी २.१९ आणि एकूण कोलेस्टेरॉल ७.२ मिग्रॅ प्रति डेसीलिटरने उतरलं. दोन म्हणजे किती, तर १५० चं १४८. गोळीच्या जागी हे चालणार नाही, कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, लिहून दिली असेल तर ती बंद करून ग्रीन टी पिणं हा वेडेपणा आहे. बीपीतही असाच वरच्या आकड्यात दोनेकचा फरक दिसतो.

वजनाचं तर विचारूच नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये चाचण्या तपासल्या, जपानबाहेरच्या चाचण्यांत ग्रीन टी घेणारे आणि न घेणारे यांच्यात सरासरी फरक निघाला ०.०४ किलो. चाळीस ग्रॅम! मूठभर शेंगदाण्यांएवढे. "पोटाची चरबी वितळते" म्हणून जे फॉरवर्ड येतात ना, त्यांना हा आकडा पाठवत जा. वजन उतरलं तर ते वरच्या साखरेमुळे आणि चालण्यामुळे. कॅन्सर टळतो असंही ठामपणे म्हणता येत नाही, २०२० मध्ये कोक्रेननेच १४२ अभ्यास बघून पुरावे उलटसुलट आहेत असं लिहिलं.

एक फायदा मला स्वतःला जाणवतो, तो म्हणजे दुपारी डोकं जागं राहतं पण कॉफीसारखी धडधड होत नाही. कॅफीन कमी असतं आणि सोबत थिअनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्या जोडीमुळे असं होतं असं सांगतात.

आणि कॅप्सूल घेऊ नका. "ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट", "फॅट बर्नर" नावाने जिममध्ये, ऑनलाइन मिळतात त्या. पानं भिजवून रोज पिणाऱ्याच्या पोटात साधारण ९० ते ३०० मिग्रॅ ईजीसीजी जातं, आणि ईएफएसएने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून रोज ८०० मिग्रॅ किंवा जास्त गेलं तर लिव्हरची एन्झाइम वाढलेली दिसतात. ते कपाने एरवी होत नाही. कोणी अशा गोळ्या घेत असेल आणि लघवी गडद, डोळे पिवळे, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं असं काही वाटलं तर गोळ्या बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माझा रिपोर्ट? सहा महिन्यांनी एलडीएल १४८ वरून १३६ वर आलं. यात चालणं किती, साखर किती, फरसाण कमी केलं ते किती आणि चहा किती, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी विचारलं काय केलं, मी म्हटलं गोड चहा कमी केला आणि चालले, ते म्हणाले "तेच तर सांगितलं होतं".

राहता राहिला डबा. हवाबंद ठेवा, उजेडापासून आणि मसाल्यांपासून लांब, माझा पहिला डबा चार महिन्यांत गरम मसाल्याच्या वासाचा झाला होता. फोडल्यावर तीन-चार महिन्यांत संपवा, म्हणून छोटं पाकीट आणा, स्वस्तात पडतं म्हणून अर्धा किलो नको. आणि एकदा भिजवलेली सुटी पानं लगेच टाकू नका, तासाभरात दुसऱ्यांदा पाणी घाला, या वेळी थोडं जास्त गरम आणि मिनिटभरच, दुसरा कप कधीकधी पहिल्यापेक्षा गोडसर लागतो. तिसऱ्यांदा नुसतं गरम पाणी लागतं, तेव्हा ती पानं कुंडीत. आमच्याकडे ती गवती चहाच्या बुंध्यात जातात.